ताटावरची गोळी : भोजनोत्तर रक्तशर्करेच्या औषधांची इतिहासकथा



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेने गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलवावे, याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही. मराठीच्या प्राध्यापकाने संतसाहित्यावर किंवा फार तर सीमाभागातील बोलीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु मी आज निवडलेला विषय औषधांचा आहे. मी वैद्य नाही, आणि इथे कोणाला औषध सुचवणार नाही. मला एका इतिहासाविषयी बोलायचे आहे. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर आवरण्यासाठी माणसाने अल्पकाळ काम करणाऱ्या गोळ्या कशा शोधल्या, त्याची ही हकीकत आहे. ती याच व्याख्यानात का सांगायची, हे गुरुजींच्या एका आठवणीवरून आपल्या ध्यानात येईल.

१. गुरुजींची एकादशी

सन १९६५ ची गोष्ट. मी नववीत होतो. आषाढी एकादशीचा दिवस होता आणि तिसरा तास गुरुजींचा होता. गुरुजी वारकरी घरातले. एकादशीला पाण्याखेरीज काही घेत नसत. त्यांना मधुमेह आहे, हे आम्हा मुलांना ठाऊक नव्हते. त्या काळी हा आजार कोणी बोलून दाखवीत नसे. पुढे कळले, की ते रोज सकाळी एक गोळी घेत. तिचा अंमल दीड दिवसाहून अधिक टिकत असे. उपवास असला तरी औषध चुकवू नये, अशी त्यांची शिस्त होती. त्या दिवशीही त्यांनी ती घेतली.

फळ्यावर समास सोडवता सोडवता गुरुजींचे अक्षर वाकडे होऊ लागले. कधी न रागावणारे गुरुजी पहिल्या बाकावरच्या मुलावर विनाकारण ओरडले. कपाळावर घाम दिसत होता. मग हातातला खडू पडला आणि पाठोपाठ गुरुजीही. आम्हांला वाटले, उपवासाने चक्कर आली. शिपाईकाका धावले, गावातले डॉक्टर आले, साखरेचे पाणी पाजले, आणि थोड्या वेळाने गुरुजी शुद्धीवर आले. सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला.

खरी गोष्ट पुढेच घडली. त्याच रात्री गुरुजी पुन्हा बेशुद्ध झाले. पाजलेली साखर संपली होती, गोळी मात्र संपली नव्हती. रात्रभर त्यांना थोडे थोडे गोड पाजत जागावे लागले. गुरुजी वाचले, त्यानंतर अनेक वर्षे शिकवीत राहिले. पण त्या दिवसापासून त्यांच्या कोटाच्या खिशात गुळाचा खडा असे, आणि त्यांची एकादशी सुटली ती सुटलीच. उपवास सुटल्याचे दुःख त्यांनी एकदाच माझ्यापाशी बोलून दाखवले. ते म्हणाले होते, की पोट रिकामे आहे हे गोळीला कळत नाही. हे वाक्य माझ्या मनात साठ वर्षे राहिले आहे. पोट रिकामे आहे हे कळणारी गोळी होऊ शकेल काय? आजच्या विषयाचा उगम या प्रश्नात आहे.

२. शब्द आणि रोग

आपल्या प्राचीन वैद्यांना हा रोग चांगला ओळखीचा होता. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक मधुमेह. मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण त्यांनी केले होते. सुश्रुताने प्रमेहाचे सहज, म्हणजे जन्मासोबत येणारा, आणि अपथ्याने होणारा, असे दोन वर्ग केले. पहिल्यातला रोगी कृश आणि दुसऱ्यातला स्थूल, असा भेदही नोंदवला. आजचे डॉक्टर पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, त्याच्याशी हे वर्गीकरण बरेच जुळते. निर्धन रोग्याला सुश्रुताने सांगितलेला उपचार तर मोठा विलक्षण आहे. त्याने अनवाणी दूरवर चालत राहावे, गुरांच्या मागे हिंडावे, विहीर खणावी! औषधाच्या आधी श्रम, हा त्यातला विचार आहे.

मराठी बोलीत मात्र या शब्दाच्या वाट्याला दुर्दैव आले. ‘प्रमेह’चा अपभ्रंश ‘परमा’ झाला आणि तो गुप्तरोगासाठी रूढ झाला. रोगाच्या नावालाच कलंक लागला, की माणूस रोग लपवतो. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात आज कोणी मधुमेहही म्हणत नाही, ‘शुगर झाली’ म्हणतात. शब्द परका आहे, पण त्याने निदान लाज तरी गेली, म्हणून भाषेचा शिक्षक असूनही मी त्याला नावे ठेवीत नाही.

आपल्या सातपुड्यात बिजा नावाचा वृक्ष आहे. संस्कृतात तो बीजक, आयुर्वेदात विजयसार. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी पिण्याची चाल आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या विजयसाराची चार केंद्रांवर चाचणी घेतली आणि १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. परंपरेचा अभिमान असावा, पण परीक्षेची सवलत तिलाही मागू नये.

३. विषमज्वराच्या औषधातून

पोटात घ्यायच्या आधुनिक गोळ्यांचा जन्म एका अपघातातून झाला. १९४२ साल. फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली होता आणि अन्नाची टंचाई होती. मोंपेलिए या शहरात मार्सेल जानबों नावाचे डॉक्टर विषमज्वराच्या रोग्यांना गंधकयुक्त सल्फा वर्गातले एक नवे औषध देऊन पाहत होते. काही रोग्यांना झटके आले, शुद्ध हरपली, काही दगावले. तपासता असे दिसले, की त्यांच्या रक्तातील साखर अतिशय उतरली होती. त्याच शहरातील ओगुस्त लुबातिएर या संशोधकाने कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वादुपिंड शाबूत असेल तर हे औषध साखर उतरवते, स्वादुपिंड काढून टाकले तर उतरवीत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे औषध स्वतः साखर जाळीत नव्हते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडीत होते.

१९५० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीत या धाग्यावरून कार्ब्युटामाइड आणि टॉल्ब्युटामाइड ही औषधे आली. पुढे क्लोरप्रोपामाइड आले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ग्लिबेनक्लामाइड. हे सारे सल्फोनिलयुरिया कुळातले. इन्शुलिनची सुई ज्यांना टाळता येत होती, अशा लक्षावधी लोकांना या गोळ्यांनी आधार दिला. स्वस्त, सोप्या आणि परिणामकारक असल्याने त्या खेड्यापाड्यांत पोचल्या. या कुळाचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यातल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्यांचा गुण आणि दोष एकच होता. त्यांचा अंमल दिवसभर आणि काहींचा त्याहून अधिक टिके. माणूस जेवो वा न जेवो, गोळी आपले काम करीत राही. गुरुजींच्या एकादशीचे कारण हे होते. त्यात डॉक्टरांना, गुरुजींना वा गोळीला कोणा एकाला दोषी धरता येत नाही. त्या वेळचे ज्ञान तिथवरच पोचले होते.

४. अर्ध्या रेणूची कथा

निरोगी शरीरात काय घडते, ते थोडक्यात पाहू. आपण जेवायला बसलो, की स्वादुपिंड पहिल्या दहा मिनिटांतच इन्शुलिनची एक मोठी लाट सोडते आणि मग सावकाश, गरजेपुरते सोडत राहते. पाहुणे येणार म्हणून आधीच दार उघडून ठेवावे, तशी ही पहिली लाट. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही पहिली लाट फार लवकर हरवते. म्हणून पुष्कळांची उपाशीपोटीची साखर बरी दिसते आणि जेवणानंतरची मात्र चढते. दिवसभर रेटत राहणारे औषध इथे नेमके पडत नाही. इथे हवे असते थोड्या वेळाचे, पण वेळेवर येणारे साहाय्य.

ते कसे सापडले? ग्लिबेनक्लामाइडच्या रेणूचे दोन भाग कल्पिता येतात. त्यातला सल्फोनिलयुरियाचा भाग वगळून उरलेल्या भागाचा अभ्यास संशोधकांनी केला, तेव्हा तो अर्धा भागही इन्शुलिन सोडवतो असे आढळले. त्याला मेग्लिटिनाइड हे नाव मिळाले. या वाटेने जर्मनीत रेपाग्लिनाइड तयार झाले. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. ही गोळी जेवणाच्या सुमारे पंधरा मिनिटे आधी घ्यायची. तासाभरात ती रक्तात शिगेला पोचते आणि रक्तातील तिचे प्रमाण पुढच्या दर तासागणिक जवळजवळ निम्मे होत जाते. तिचा निचरा मुख्यतः यकृतातून पित्तावाटे होतो, म्हणून मूत्रपिंड काहीसे दुबळे झालेल्या रुग्णांतही डॉक्टर तिचा विचार करू शकतात.

दुसरे औषध नेटेग्लिनाइड. त्याची जन्मकथा आपल्याला गमतीची वाटेल. अजिनोमोटो हे नाव आपण चिनी पदार्थांच्या गाडीवर ऐकतो. चव वाढवणारी ती पांढरी पूड विकणाऱ्या जपानी कंपनीचा अमिनो आम्लांचा अभ्यास दांडगा होता. फिनाइल-ॲलनिन या अमिनो आम्लापासून तिच्या संशोधकांनी नेटेग्लिनाइड घडवले. ते १९९९ मध्ये जपानात आणि २००० च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले. ते आणखी चटकन येते आणि चटकन जाते.

या गोळ्या स्वादुपिंडाच्या पेशीवरील पोटॅशियमचे एक सूक्ष्म द्वार बंद करतात, त्यामुळे पेशीत कॅल्शियम शिरते आणि इन्शुलिन बाहेर पडते. सल्फोनिलयुरियाही हेच द्वार बंद करतात. फरक आहे तो धरून ठेवण्याच्या काळाचा. एक जण दार लावून कुलूप घालतो, दुसरा ते लोटतो आणि काम झाले की सोडतो. म्हणून या औषधांबरोबर एक साधा नियम जगभर शिकवला गेला : जेवण असेल तर गोळी, जेवण नसेल तर गोळीही नाही. गुरुजींच्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर होते, पण ते यायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

५. आतड्यातला अडसर

दुसरी एक वाट स्वादुपिंडाला हात न लावणारी होती. आपण खाल्लेला भात, भाकरी, साबुदाणा यांतले पिष्ट थेट रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरील विकरे त्याचे तुकडे करतात, तेव्हाच त्याची साखर होते. ही तोडणी थोडी मंदावली तर? जर्मनीतील बायर कंपनीच्या संशोधकांना ॲक्टिनोप्लेनेस या मातीतल्या जिवाणूंपासून असा पदार्थ मिळाला. तो अकार्बोज. १९९० मध्ये तो जर्मनीत आणि १९९५ मध्ये अमेरिकेत आला. जपानच्या ताकेदा कंपनीचे व्होग्लिबोज १९९४ मध्ये आले. आज आपल्या औषधांच्या दुकानांत ते इतर औषधांशी जोडून सर्रास मिळते. याच प्रकारचे काम करणारा एक पदार्थ तुतीच्या पानांतही आहे.

ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. तिची दोन वैशिष्ट्ये सामान्य माणसाने लक्षात ठेवावीत. एक, न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, म्हणून पोट फुगते आणि वायू होतो. पुष्कळांनी ही गोळी याच संकोचाने सोडली. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. ही गोळी दुसऱ्या औषधाबरोबर चालू असताना साखर उतरून घाम फुटला, तर नेहमीची साखर वा गूळ लवकर कामी येत नाही, कारण तिचे तुकडे करणारे विकरच अडवलेले असते. तेव्हा सरळ ग्लुकोजची पूड द्यावी लागते. गुरुजींच्या खिशातला गुळाचा खडा इथे निरुपयोगी ठरला असता. ज्या घरात ही गोळी आहे, त्या घरात ग्लुकोजचा डबा हाताशी असावा.

६. हिशेब

इतिहास सांगणाऱ्याने फक्त यशाची बाजू सांगू नये. १९९९ मध्ये युरोपातील तेरा अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसले, की साखरेचे पाणी प्यायल्यानंतर दोन तासांनी मोजलेली साखर ज्यांची जास्त, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक असते, आणि केवळ उपाशीपोटीच्या तपासणीने हा धोका पुरता कळत नाही. साहजिकच अशी आशा निर्माण झाली, की जेवणानंतरची साखर उतरवली म्हणजे हृदयही वाचेल.

२०१० मध्ये नेटेग्लिनाइडच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. चाळीस देशांतील नऊ हजारांहून अधिक लोक त्यात होते. त्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. या औषधाने मधुमेह टळला नाही आणि हृदयविकारही कमी झाला नाही. अकार्बोजचे चित्र संमिश्र आहे. २००२ मधील एका चाचणीत त्याने मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटवले. २०१७ मध्ये चीनमधील मोठ्या चाचणीत मधुमेह अठरा टक्क्यांनी घटला, पण हृदयविकाराच्या घटनांत फरक पडला नाही. शिवाय २००६ नंतर आलेल्या नव्या गोळ्यांनी या सर्वांना बरेच मागे सारले आहे.

मग या औषधांचे महत्त्व काय? माझ्या मते त्यांचे मोल मर्यादित आहे, पण खरे आहे. जेवणाची वेळ ज्याच्या हाती नाही, अशा माणसाचा त्यांनी प्रथमच विचार केला. तोवर माणसाने गोळीच्या वेळापत्रकात बसावे, अशी अपेक्षा होती. इथे गोळी माणसाच्या ताटापाशी येऊन बसली.

७. आपल्या गावचे ताट

आपल्या मुलखात जेवणाची वेळ कोण ठरवतो? संत्र्याच्या तोडीला पहाटे गेलेला मजूर भाकरी सोडतो ती दुपारी दोनला. पोळ्याला पुरणपोळीचे जेवण होते आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही तीरांवर, पांढुर्ण्यात आणि सावरगावात, गोटमारीच्या गर्दीत कित्येकांना दिवसभर अन्नाची शुद्ध नसते. महालक्ष्म्यांची पंगत तीनला बसते. एकादशीला कोणी निरंकार राहतो, तर कोणी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीप्रमाणे साबुदाण्याची उसळ पोटभर खातो. उपवास हा एकच शब्द, पण एकाची साखर उतरते आणि दुसऱ्याची चढते.

बारीक अंगाचा कष्टकरी या आजारापासून सुरक्षित आहे, हा समजही सोडला पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण दिसतो बारीक, पण आतून तसे नसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पलीकडे असल्याचा अंदाज दिला.

आता भाषेच्या शिक्षकाचे एक गाऱ्हाणे. १९५६ च्या पुनर्रचनेत आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी व्यवस्था तीच आहे. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदाराची सूचना हिंदीत आणि औषध घेणारी आजी मराठीत. माझ्या नात्यातील एका वृद्ध बाईंना जेवणाआधीची गोळी ‘खाली पेट’ घ्यायला सांगितले गेले. घरच्यांनी त्याचे मराठी केले ‘उपाशीपोटी’. बाईंनी ते नीट लक्षात ठेवले आणि उपवासाच्या दिवशी, उपाशी पोट आहे म्हणून, गोळी घेतली. दुपारी त्यांना घाम फुटून भोवळ आली. मुलाने वेळेवर ग्लुकोज दिले म्हणून निभावले. १९९७ मध्ये आलेल्या गोळीने १९६५ ची एकादशी पुन्हा घडवली, आणि या वेळी कारण रसायनाचे नव्हते, शब्दाचे होते. जेवणाआधी आणि उपाशीपोटी यांत पुढे जेवण येणार की नाही एवढाच फरक आहे, आणि त्या फरकावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. या गोळीला आपण ‘ताटावरची गोळी’ म्हणू या. ताट वाढले असेल तर गोळी, ताट नसेल तर गोळी नाही. हे कोणत्याही आजीला दुसऱ्यांदा सांगावे लागणार नाही. आणि बालमित्रांनो, तुम्हांला तिन्ही भाषा येतात. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा काढा, डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारून प्रत्येक गोळीची वेळ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, आणि उपवासाच्या दिवशी काय करायचे तेही विचारून घ्या. गोळी स्वतःच्या मनाने मात्र सुरू करू नका आणि बंदही करू नका.

गुरुजींनी आम्हांला समास सोडवायला शिकवले. शब्द सुटा केला, की अर्थ कळतो, असे ते म्हणत. त्या दिवशी फळ्यावर अर्धवट राहिलेला समास माझ्या आठवणीत आहे, आणि आजचे हे बोलणे मी त्याच तासाला जोडून समजतो. गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी थांबतो.